गोड बोलणारे स्पीकर

आजऱ्याच्या डोंगरकडेला वसलेल्या एका गावात परसू गुरव नावाचा पेटीवादक राहत होता. देवळातली पूजा थोरल्या भावाकडे गेली आणि परसूच्या वाट्याला पेटी आली. त्याचा हात गोड होता. भजन असो, लग्न असो, जत्रेतलं नाटक असो, परसूवाचून पान हलत नसे. माणूसही सरळ. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण त्याच्यात एक खोड होती. कौतुक ऐकायला त्याला दोन कान होते आणि चूक ऐकायला एकही नव्हता.

दस्तगीर नदाफ हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दस्तगीरचं बाजारपेठेत गाद्यांचं दुकान होतं. दिवसभर तो कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा आणि बोलावणं आलं की ढोलकी घेऊन निघायचा. परसूची पेटी आणि दस्तगीरची ढोलकी ही जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. मात्र दस्तगीरच्या जिभेला आडपडदा नव्हता. "परसू, आज तिसऱ्या अभंगाला तू घाई केलीस," असं तो चारचौघांत म्हणायचा. परसू वरवर हसायचा, पण घरी गेल्यावर ते वाक्य त्याला खड्यासारखं टोचत राहायचं.

त्या भागातल्या गायकांना आपलं गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर कोल्हापूर गाठावं लागे. परक्या जागी माणसं बुजायची. जी बाई शेतात मोकळ्या गळ्यानं गायची, तिचा तिथं आवाज फुटत नसे. परसूच्या मनात आलं, आपल्याच घरात एक खोली त्यासाठी का करू नये? त्याच्या परसदारी एक खोली रिकामी पडली होती. दस्तगीरला कल्पना पसंत पडली. लग्नसराईची कमाई गाठीला बांधून दोघं कोल्हापूरला सामान आणायला निघाले.

दुकानदार पोक्त आणि मोजकं बोलणारा होता.

"पहिल्यांदाच करताय ना? मग फार पसारा मांडू नका," तो म्हणाला. "एक बरा माइक, आवाज कॉम्प्युटरात नेणारी ही डबी, एक हेडफोन आणि स्पीकरची एक जोडी. एवढ्यात घरचा स्टुडिओ उभा राहतो. खोलीत मात्र आवाज घुमता कामा नये. आणि पडद्यावर ही पट्टी दिसते ना, ती लाल होऊ द्यायची नाही. लाल झाली म्हणजे आवाज डबीत मावत नाही. तिथं तो फाटतो, आणि फाटला की कुठलंही यंत्र तो सांधत नाही."

माइक ठरला, डबी ठरली, हेडफोनही घेतला. घोडं अडलं ते स्पीकरपाशी. दुकानदारानं दोन जोड्या समोर ठेवल्या. परसूच्या फोनमध्ये देवळातलं भजन होतं, ते त्यानं आधी पहिल्या जोडीवर लावलं. पेटी मधात घोळून काढल्यासारखी वाजली. ढोलकीचा घुमार छातीत उतरला. परसूचा चेहरा खुलला. मग तेच भजन दुसऱ्या जोडीवर लावलं. आवाज कोरडा झाला. पेटीचा भाता धापा टाकताना ऐकू आला. टाळकऱ्यांतला एक जण मागं पडत होता, तेही कळलं. आणि एका ठिकाणी परसूचं बोट घसरलं होतं, ते तर आरशात डाग दिसावा तसं लख्ख उमटलं.

"पहिली जोडी गाणं ऐकायला," दुकानदार म्हणाला. "दुसरी गाणं करायला. हिच्यावर जे बरं वाजेल, ते कुठंही बरंच वाजेल."

"दुसरीच घेऊया," दस्तगीर म्हणाला. "खरं बोलती ती."

"खरं न्हवं, रडकं बोलती," परसू म्हणाला. "माणसं हौसेनं येणार दस्तू. आपला आवाज ऐकून त्यांनी खूश व्हायला नको?"

"खूश हितं होतील. घरी जाऊन ऐकल्यावर काय होतील?"

परसूनं पहिल्या जोडीवर हात ठेवला. दुकानदारानं ती मुकाट्यानं बांधून दिली.

गावी आल्यावर खोली सजवायचं काम निघालं. परसूनं भिंतींना चकचकीत ऑइलपेंट लावला, खाली गुळगुळीत फरशी बसवली, वर रंगीत दिवे सोडले. दस्तगीरनं मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी भिंतीभिंतींवर आपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो टेम्पोत जुन्या कापसाच्या गाद्या घालून घेऊन आला.

"ह्या भिंतींना लावूया. कापूस घुमारा पिऊन टाकतो. दिसायला बरं नसंल, पण आवाज स्वच्छ येईल."

"अरं, हा स्टुडिओ हाय," परसू चिडून म्हणाला. "गाद्या वाळत घालायचं अंगण न्हवं. ने परत."

दस्तगीरनं गाद्या परत नेल्या.

स्टुडिओ सुरू झाला आणि चाललाही. भजनी मंडळं आली, वाढदिवसाची गाणी झाली, कुणी नवसाची आरती रेकॉर्ड करून नेली. परसू रेकॉर्डिंग झालं की दिवे मंद करायचा आणि त्या गोड स्पीकरवर सगळ्यांना ऐकवायचा. माणसं हरखून जायची. "परसूदादा, हा माझाच आवाज का हो?" असं एखादी म्हणाली की परसूच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. हेडफोन त्याला कोरडा वाटे, कान दुखवी. तो त्यानं खिळ्याला अडकवून टाकला.

दस्तगीर मात्र प्रत्येक गाणं आपल्या दुकानातल्या जुन्या, साध्या स्पीकरवर लावून पाही. तिथं त्या गाण्यांचं सोंग उतरायचं. आवाज चिरका यायचा. शब्द विहिरीत बोलल्यासारखे घुमायचे. त्यानं परसूला हे सांगितलं. परसू म्हणाला, "तुझ्या दुकानातला डबा मोडका हाय." दस्तगीरनं दुसऱ्याच्या गाडीत लावून पाहिलं आणि पुन्हा सांगितलं. परसू म्हणाला, "गाडीवाल्याचा डबापण मोडका असंल."

शेवटी एकदा भजनी मंडळाची मंडळी खोलीत बसलेली असताना दस्तगीर न राहवून बोलला, "हितं ऐकून फसू नका. घरी जाऊन ऐका आणि मग पसंत करा."

परसूचा चेहरा काळाठिक्कर पडला. माणसं गेल्यावर तो म्हणाला, "दस्तू, तुला माझं चांगलं बघवत न्हाई."

"बघवत न्हाई असं न्हवं. ऐकवत न्हाई."

"मग ऐकू नको. हितं येऊपण नको."

दस्तगीरनं ढोलकी खांद्याला लावली आणि तो निघून गेला. परसूला वाटलं, चला, एक कटकट गेली. त्यानंतर त्या खोलीत कुणी वाकडा शब्द काढला नाही. ज्या घरात चूक सांगणारा उरत नाही, तिथं चुका बिनबोभाट वाढतात. परसूचं तसंच झालं.

त्याच सुमाराला शाहीर येजरे त्याच्या दारी आले. सगळा मुलूख त्यांना आप्पा म्हणायचा. आप्पांनी डफावर थाप मारून पहिला सूर लावला की जत्रेतल्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोचायचा. त्यांना माइक कधी लागलाच नाही. त्यांचे पोवाडे त्यांनीच रचलेले. ते कुठं छापलेले नव्हते की कुठं साठवलेले नव्हते. होते ते आप्पांच्या गळ्यात.

आणि आता त्या गळ्यातच दुखणं निघालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मुलगी वच्छला त्यांना धरून घेऊन आली होती. आप्पा वाळून गेले होते, पण डोळ्यांतलं तेज तसंच होतं.

"परसू बाळ," आप्पा म्हणाले, "दवाखान्यात जायच्या आधी एवढं भरून घे. मी मेलो तर माझं काय न्हाई. पण मी हाय आणि माझा आवाज न्हाई, असं व्हायचंय आता. मागनं येणाऱ्या पोरांना कळू दे, कुठं थांबायचं, कुठं उचलायचं ते. ते कागदावर लिवून येत न्हाई."

परसूचे डोळे भरून आले. "आप्पा, हे माझं भाग्य," तो म्हणाला. आणि ते तो मनापासून म्हणाला.

"दस्तगीर कुठाय? ढोलकीला तोच पाहिजे मला."

परसू क्षणभर अडखळला. दस्तगीरचं दुकान हाकेच्या अंतरावर होतं. एक निरोप धाडला असता तर तो काम टाकून आला असता.

"त्याला सध्या सवड न्हाई आप्पा," परसू म्हणाला. "दुसरा बघतो की."

ते त्याचं पहिलं खोटं.

आप्पा गायला बसले. एकेका पोवाड्यानंतर त्यांना थांबावं लागे. वच्छला कोमट पाणी पाजायची. खोकल्याची उबळ यायची, रुमालावर लाल ठिपका पडायचा. तरी पुन्हा ते डफ उचलायचे. जणू गळ्याला ठाऊक होतं की हे आपलं शेवटचं काम आहे. त्यांची तान वर चढली की परसूच्या अंगावर काटा यायचा. त्याच क्षणी पडद्यावरची पट्टी लाल व्हायची. परसूला ते दिसायचं. दुकानदाराचं बोलणंही आठवायचं. पण तो ते लगेच गोड स्पीकरवर लावून बघायचा, आणि स्पीकर त्याला सांगायचे की सगळं ठीक आहे, उलट फारच छान आहे. मग परसू पुढं सरकायचा.

काम संपलं. आप्पांनी स्पीकरवर आपला आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

"झकास," ते म्हणाले. "आता सुखानं जातो."

वच्छला रेकॉर्डिंग फोनमध्ये घालून घरी घेऊन गेली. आप्पांना दवाखान्यात न्यायला अजून थोडा अवधी होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती एकटीच परत आली. तिच्या हातात फोन होता आणि कपाळावर आठ्या.

"परसूदादा, आप्पांचा आवाज असा का येतोय? वर गेले की चरचरतोय. शब्द एकात एक मिसळल्यात. माझा बाप असा गात न्हाई."

"फोनचा स्पीकर केवढा, वच्छाक्का!" परसू हसून म्हणाला. "त्यात आप्पांचा आवाज मावंल का? हितं ऐका."

त्यानं गोड स्पीकर लावले. खोलीभर आप्पा दुमदुमले. वच्छला बराच वेळ ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हांला कळतंय त्यातलं. आप्पापण म्हणाले, परसूनं केलंय तर बरोबर असंल." आणि ती गेली.

ती गेल्यावर परसूला चैन पडेना. त्यानं आप्पांचा पोवाडा आपल्या फोनमध्ये घातला आणि तो ओढ्याकडे गेला. तिथं कुणी नव्हतं. त्यानं फोन कानाशी धरला.

पहिल्या ओळीपासूनच आप्पांचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा येत होता. घुमारा शब्दांवर चढून बसला होता. आणि जिथं तान वर जायची, जिथं सगळी जत्रा श्वास रोखून धरायची, नेमकी तिथं ती टरटर फाटली होती. परसू घरी आला. त्यानं खिळ्यावरचा हेडफोन काढला, त्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा ऐकलं. हेडफोननंही तेच सांगितलं. एक पोवाडा झाला, दुसरा झाला. सगळे तसेच होते.

अजून वेळ हातात होता. आप्पा गावातच होते. दस्तगीरला हाक मारायची, त्याच्या गाद्या भिंतींना लावायच्या, पट्टी लाल होऊ द्यायची नाही, आणि आप्पांना सांगायचं, माझं चुकलं, पुन्हा एकदा गा. निदान एक पोवाडा तरी. एवढंच करायचं होतं.

परसू उठला, चपला घातल्या, आणि उंबऱ्यातच थांबला. दस्तगीरसमोर उभं कसं राहायचं? तो म्हणेल, मी सांगत होतो. गाव म्हणेल, एवढा रंग लावला, दिवे लावले, आणि हे दिवे लावले होय! आजवर ज्यांनी ज्यांनी गाणी नेली, ती सगळी माणसं गाणी घेऊन परत येतील.

मग त्याला एक चांगलं कारण सापडलं. माणसाला भीती वाटते तेव्हा त्याला नेहमीच एखादं चांगलं कारण सापडतं. त्याला आप्पांच्या रुमालावरचा ठिपका आठवला. तो मनाशी म्हणाला, एवढ्या आजारी माणसाला पुन्हा गा म्हणायचं? माणुसकी आहे की नाही? मी कॉम्प्युटरवरच दुरुस्त करीन. आणि त्याला स्वतःच्या दयाळूपणाचं बरं वाटलं.

तो दुरुस्तीला बसला. एक बाजू झाकली की दुसरी उघडी पडायची. चिरकेपणा कमी केला की शब्द बुजायचे. शब्द वर काढले की घुमारा वर यायचा. फाटलेली तान तर हात लावावा तशी जास्तच फाटत होती. त्या खटपटीत उरलेला अवधी सरला.

आप्पांना घेऊन जीप निघाली ती परसूच्या दारात थांबली. आप्पांनीच थांबवायला लावली होती. परसू धावत बाहेर आला. आप्पा पुढच्या सीटवर शालीत गुरफटून बसले होते. मागं वच्छला, मांडीवर कपड्यांची पिशवी.

"जाता जाता इचारावं म्हटलं," आप्पा म्हणाले. आवाज घोगरा होता, पण आप्पांचाच होता. "झालंय न्हवं नीट सगळं?"

परसूनं आप्पांकडं पाहिलं. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. मग त्यानं मागच्या वच्छलाकडं पाहिलं, जीपच्या ड्रायव्हरकडं पाहिलं, ओट्यावर बसलेल्या माणसांकडं पाहिलं.

"एक नंबर झालंय आप्पा," तो म्हणाला. "काही काळजी करू नका."

"मग निर्धास्त जातो," आप्पा म्हणाले. त्यांनी परसूच्या डोक्यावर हात ठेवला. जीप निघून गेली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आप्पा घरी आले ते मुके होऊन. गळ्यावर पांढरी पट्टी, तिच्याआडून श्वासाचा सूं सूं आवाज. ओठ हलायचे, पण त्यातून काही निघायचं नाही. वच्छला ओठांवरून ओळखायला शिकली.

माघात जत्रा भरली. गावानं ठरवलं, यंदा आप्पांचा सत्कार करायचा आणि त्यांचा पोवाडा भोंग्यावर लावायचा. परसूला कुणी विचारलं नाही. रेकॉर्डिंग वच्छलाकडून मागून घेतलं. परसूला ते गर्दीत बसल्यावरच कळलं.

आप्पा नवा फेटा बांधून व्यासपीठावर बसले होते. भोंगे लावणाऱ्या मांडववाल्यानं पोवाडा सुरू केला. डफाचे पहिले ठोके आले आणि माणसं सरसावून बसली. मग आवाज आला. चिरका, घुमणारा, कुणाचा तरी आवाज. माणसं एकमेकांकडं बघू लागली. तान वर गेली आणि भोंगे करकरले. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्यानं त्याला दटावलं.

आप्पा उठले. परसूला वाटलं, आता ते आपल्याकडं वळतील. पण आप्पा वळले मांडववाल्याकडं. त्यांनी त्याच्या तारा हलवून पाहिल्या. भोंग्याकडं बोट दाखवलं. हातवारे करून त्याला रागावले, की अरे, तुझं यंत्र बिघडलंय, ते नीट कर. परसूनं एक नंबर म्हणून सांगितलं होतं ना? मग दोष परसूचा असेलच कसा? मांडववाला बापडा घामाघूम होऊन तारा काढत होता, पुन्हा घालत होता. "माझं सामान चांगलं हाय हो, आत्ता आरती व्यवस्थित वाजली की," असं म्हणत होता. कुणी त्याचं ऐकत नव्हतं. लोक त्यालाच बोलत होते.

परसू गर्दीत बसून राहिला. त्याची मान वर झाली नाही. शेवटी आप्पांनीच हात उंचावून पोवाडा बंद करायला सांगितला.

जत्रा पांगल्यावर परसू दस्तगीरच्या दुकानी गेला. किती तरी महिन्यांनी तो तिथं पाऊल टाकत होता. दस्तगीर गादी शिवत होता. त्यानं सुई थांबवली नाही.

"दस्तू, आप्पांच्या आवाजाचं काही होतंय का बघ," परसू म्हणाला. "तुझे कान चांगलेत. तू म्हणशील ते करतो."

दस्तगीरनं दाभण बाजूला ठेवलं. दुकानातल्या साध्या स्पीकरवर त्यानं एकेक पोवाडा लावला आणि सगळा ऐकला. तान फाटायची तिथं तो डोळे मिटून घ्यायचा. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "फाटकी गादी मी शिवीन परसू. हे शिवता येत न्हाई."

परसू खाली मान घालून बसला.

"तुला कधी कळलं?" दस्तगीरनं विचारलं.

परसू कापसाचा एक पुंजका उचलून बोटांनी पिंजत बसला.

"जत्रेत कळलं?"

"न्हाई," परसू म्हणाला. "आप्पा दवाखान्यात जायच्या आधी कळलं."

दुकानात कापूस तरंगत होता. दस्तगीरनं दाभण पुन्हा हातात घेतलं.

"चुकीचे स्पीकर घेतलेस ती चूक होती," दस्तगीर शेवटी म्हणाला. "माझ्या गाद्या परत धाडल्यास, तीपण चूक. चूक कुणाची होत न्हाई? पण कळल्यावर गप बसलास, ह्याला चूक म्हणत न्हाईत. आता आप्पाला जाऊन सांग. तो अजून त्या मांडववाल्यालाच दोष देतोय."

परसू आप्पांच्या घरी गेला. आप्पा सोप्यात खाटेवर बसले होते. वच्छला धान्य निवडत होती. परसूनं जोत्यावर बसून सगळं सांगितलं. गोड स्पीकरचं सांगितलं, लाल पट्टीचं सांगितलं, ओढ्यावर जाऊन ऐकलं तेही सांगितलं. "दस्तगीरला सवड होती आप्पा, मीच त्याला बोलावला न्हाई," हेही सांगितलं. "दोष फोनचा न्हवता, मांडववाल्याचा न्हवता. माझा होता."

वच्छलाचे हात सुपात थांबले होते.

"मला त्या सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली. "पण आप्पांनी तुमच्यावर भरवसा ठेवला आणि मी आप्पांवर."

आप्पांचे ओठ हलू लागले. परसूला काही कळेना. त्यानं वच्छलाकडं पाहिलं. ती बापाच्या तोंडाकडं बघत होती. सांगावं की नको, असं क्षणभर तिला झालं.

"आप्पा म्हणतायत," ती हळूच म्हणाली, "मी दारात जीप थांबवली होती. तवा का बोलला न्हाईस? मी खाली उतरलो असतो. पुन्हा गायलो असतो."

परसू तिथंच ढसाढसा रडला. आप्पांनी त्याला घालवून दिलं नाही आणि जवळही घेतलं नाही. ते भिंतीला टेकून बसून राहिले. गळ्यावरच्या पट्टीआडून त्यांचा श्वास येत राहिला, जात राहिला. वच्छलानं परसूपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती सूप घेऊन आत गेली.

परसूनं मांडववाल्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. गोड स्पीकर त्यानं काढून टाकले. कोल्हापूरहून दुसरी जोडी आणली, ती कोरडं बोलणारी. दस्तगीरच्या गाद्या चकचकीत रंगावर खिळे ठोकून लावल्या. ज्यांची गाणी बिघडली होती त्यांना बोलावून त्यानं ती पुन्हा रेकॉर्ड करून दिली. दस्तगीर कधी कधी ढोलकी घेऊन येऊ लागला. काम झालं की निघून जायचा. पहिल्यासारखा चहाला मात्र थांबत नसे. त्या खोलीतून पुढं चांगली गाणी बाहेर पडली, लांबलांबची माणसं येऊ लागली.

पण आप्पांचा आवाज काही आला नाही. दोन पावसाळे काढून आप्पा गेले. त्यांचे पोवाडे आता गावातली पोरं गातात. शब्द तेच आहेत. कुठं थांबायचं आणि कुठं उचलायचं, यावर त्यांच्यात वाद होतात. एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो तसं. मग ती परसूकडं येतात आणि विचारतात, "काका, आप्पा हितं नेमकं कसं म्हणायचे?" परसू पेटीवर बोटं ठेवतो, एखादा सूर दाबून बघतो, आणि म्हणतो, "मला न्हाई सांगता येणार रे."

तात्पर्य: जे साधन किंवा जो माणूस आपली चूक दाखवतो, तोच कामाचा, नुसतं गोड ऐकवणारा आपल्याला बुडवतो. आणि चूक ध्यानात आली की त्याच घडीला ती कबूल करावी. लाजेपायी दवडलेली वेळ पश्चात्तापानं परत मिळत नाही.